मेंदीचा कोन आणि क्रीमचा कोन

"तू क्रिएटिव्ह आहेस, तुला काहीही जमेल," असं कोणी म्हणालं की मला आधी संशय येतो. मंडळी, आज तो खरा ठरला.

मी शहाद्यात मेंदी काढते. आज म्हसावदला नणंदेच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. नणंदेने पांढराशुभ्र केक आणि क्रीमचा कोन माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, तुन्हा हातमा कला शे. कोन तर कोन, मेंदीना काय नि क्रीमना काय."

एवढं गोड बोलणं मला पटत नव्हतं, तरी बसले. मोर, वेली, कैऱ्या, सगळं सुरेख उतरलं. पण मनात पाल चुकचुकत होती.

संध्याकाळी पाहुणे जमले. मुलीची आजी केकवर वाकली. "पोरनं नाव कोठे शे?"

मी बोटाने दाखवलं. मोराच्या पिसाऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत. नवरीच्या हातावर नवऱ्याचं नाव असंच लपवतात, त्याने शोधावं म्हणून. माझा हात त्याच सवयीने चालला होता.

नणंद म्हणाली, "हाऊ केक शे वहिनी, नवरीना हात नही."

आता मला माझाच संशय येतोय. इतकी वर्षं जिला मी कल्पकता समजले, ती नुसती मेंदीची सवय तर नव्हती? तुमचा हात दुसऱ्या कामात तसाच चालतो का? खरं सांगा.

नवरदेवाला नाव सापडलं नाही, की लग्नघरात माझं कौतुक होतं. आज आजीला सापडलं नाही, तेव्हा फोटोसाठी केकशेजारी पाटीवर खडूने नाव लिहून ठेवलं.