निरोपाच्या टोपल्या

"टोपी काढ तिची. डोक्यावर हात ठेव अन् बोल."

राईस मिलवाल्यांच्या आजी हे मला म्हणाल्या. बालवाडीच्या मॅडमच्या हातातला माईक चालूच होता, म्हणून मंडपातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. आया, बाप, मोबाईल धरून शूटिंग करणारे मामे-काके.

माझी लेक माझ्यासमोर उभी. तिची बालवाडी त्या दिवशी संपत होती. मोठ्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरांना काळ्या पुठ्ठ्याची चौकोनी टोपी घातली होती. तिलाही होती. सकाळपासून तिनं ती काढली नव्हती, पाणी पितानाही नाही. मी हनुवटीखालचं इलॅस्टिक सोडवलं. टोपी काढली. खाली तेल लावून चोपून विंचरलेलं डोकं. त्यावर हात ठेवला.

"माझ्या लेकीची शपथ. हा बांबू तिरडीचा नाही."

हे मी बोलली. भर मंडपात. लोक म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं. कोणाचं गेलं? माझं तर अजून चालूच आहे.

सांगते.

मी बुरडाची. आमच्या घरी बांबूचं काम. सुपं, टोपल्या, डाली, लग्नातल्या परड्या. बाबा, म्हणजे माझे वडील, दर हप्त्याला आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारात माल घेऊन बसतात. नवऱ्यानं सोडलं तेव्हापासून मी लेकीला घेऊन बाबांजवळच राहून राहिली. मग एका इंग्रजी बालवाडीत बाईचं काम लागलं. पोरांना बाथरूमला न्यायचं, नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. त्या कामापायी लेकीला फी माफ. माझ्यासाठी हीच लय मोठी गोष्ट. माझी लेक मिलवाल्यांच्या नातीशेजारी बसून ए फॉर ॲपल म्हणायची अन् मी दाराबाहेर फडकं हातात धरून ऐकत राहायची. वाटायचं, सुटली पोरगी.

दरवर्षी निरोपाला पोरांना काही ना काही देतात. स्वस्तातलंच. कधी प्लास्टिकचा डबा, कधी पाण्याची बाटली. आदल्या साली बाटल्या गळक्या निघाल्या अन् पालकांनी मॅडमचं डोकं खाल्लं. म्हणून त्या साली मॅडम मलाच म्हणाल्या, "काय वं, तुझे बाबा बांबूचं करतात ना? बारक्या बारक्या टोपल्या करून दे. आत आपण चॉकलेट टाकू. स्वस्तही पडते अन् आजकाल लोकांना असंच आवडते."

मी हरखली. खोटं कायले बोलू? माझ्या बापाच्या हातची वस्तू त्या स्टेजवर जाणार होती. बाबा तर माझ्याहून खूश. सालेकशाच्या जंगलाकडून आलेल्या बांबूतला कोवळा, सरळ बांबू त्यांनी निवडून बाजूला काढला. लेकरांचे हात चिरू नये म्हणून एकेक कामटी तासून तासून गुळगुळीत केली. काठाला लाल रंगवलेली पट्टी घातली. अन् प्रत्येक टोपलीत चिमूटभर धान टाकलं, वरून कागदाची घडी दाबून बसवली, सांडू नये म्हणून. आमच्यात रिकामी टोपली कोणाच्या हाती देत नाहीत. लेकरू मोठ्या शाळेत चाललं, त्याला रिकामं कसं धाडायचं? हे बाबांचं म्हणणं.

कार्यक्रमात मॅडम माईकवर म्हणाल्या, "हँडमेड. इको-फ्रेंडली." टाळ्या वाजल्या. मी पाण्याचे ग्लास धरून कोपऱ्यात उभी. छाती अशी फुगली होती माझी! मिलवाल्यांच्या आजींनी नातीच्या हातातली टोपली घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. त्या हिंदीच बोलतात. म्हणाल्या, "कितनी सुंदर है! किसने बनाई?"

मला राहवलं नाही. मी तिथूनच ओरडली, "माझ्या बाबांनी, आजी! तुमच्या घरी बी तेच येतात ना!"

सुपं घेऊन येतात, असं मला म्हणायचं होतं. नवं धान निघालं की त्यांच्या घरी सुपं आमचीच जातात. पण होळीच्या आधी त्यांच्या घरचा म्हातारा वारला होता. त्या तिरडीचे बांबू बाबांनीच चिरून दिले होते. बाबा त्यांच्या अंगणात शेवटचे गेले ते त्या कामाला. आजींना तेच आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"हाय राम! ये उसी बांबू का है? तिरडी का बचा हुआ?"

झालं. एका आईनं पोराच्या हातातली टोपली दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. दुसरीनं पोराचे हात पदरानं पुसायला घेतले. कोणी म्हणालं, "ह्या लोकांचा काही भरोसा नाही." कोण म्हणालं ते मी पाहिलं. तिच्याच पोराला मी वर्षभर रोज कडेवर घेतलं होतं.

मी सांगून राहिली होती. अहो, तिरडीचा उरलेला तुकडा आमच्या घरी येतच नाही. तो घाटावरच राहते. माझ्या आजोबापासूनचा हा कायदा आहे. ज्याला विश्वास नसंल त्यानं बुरडाच्या कोणत्याही घरी जाऊन विचारावं. कोण ऐकते? मी मॅडमकडे पाहिलं. टोपल्या त्यांनीच करायला सांगितल्या होत्या. त्या माईकची वायर सरळ करत होत्या.

तेव्हा आजी स्टेजजवळ आल्या अन् शपथेचं म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या. मला नीट समजावं म्हणून असंल.

मी घेतली शपथ. वाटलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आई खोटं बोलत नाही, एवढं तर ह्यांना समजते. आजींनी माझं ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "बोलने को तो कोई भी बोल देता है."

मग मॅडम माईकवर बोलल्या. "आमच्या बाईकडून चूक झाली, त्याबद्दल सॉरी. सगळ्यांनी चॉकलेट काढून घ्या आणि टोपल्या इथं जमा करा. सोमवारी सगळ्यांना छान कंपास मिळेल."

पोरं रांगेत आली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात एकेक टोपली पडत होती. एक पोरगं सोडतच नव्हतं, त्याची बोटं सोडवावी लागली. माझी लेकही रांगेत उभी राहिली. रांगेत उभं राहायचं तिला मीच शिकवलं होतं. नंबर आल्यावर तिनं टोपली पोत्यात टाकली अन् माझ्याकडे पाहिलं, बरोबर केलं ना, असं. मी मान हलवली. हो, म्हणाली मी तिला. मानेनं.

मॅडमनं मला मागच्या अंगणात बोलावलं. पोतं तिथं आणून ठेवलं होतं. स्वयंपाकाच्या खोलीतली माचिस त्यांनी माझ्या हातात दिली.

"जाळून टाक. बाहेर फेकल्या तर कोणी उचलून नेईल अन् पुन्हा बोंब होईल."

मी म्हटलं, "मॅडम, बांबू?"

आमच्या भागात बांबू चुलीत घालत नाहीत. बांबू जाळला की वंश बुडते म्हणतात. गरिबातला गरीब माणूस थंडीत कुडकुडेल, पण बांबू शेकोटीत टाकणार नाही. आमच्या घरी तर कामट्यांचा कचराही बाबा उकिरड्यावर नेऊन पुरतात. जे पोट भरते त्याला आग कशी लावायची, म्हणतात.

मॅडमलाही हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर त्या म्हणाल्या, "तूच जाळ. आमच्यात नाही जाळत. तुमचं काय, तुमचा तर धंदाच आहे बांबूचा."

अन् मी जाळलं. हो, जाळलं. फी माफ होती. पुढच्या साली लेकीला त्यांच्याच ओळखीनं मोठ्या शाळेत घालायचं होतं. डोक्यात तेवढंच होतं. वाळका पाला गोळा केला, त्यावर पाच-सहा टोपल्या उलट्या केल्या, काडी ओढली. तासलेला बांबू, पेटायला काय वेळ? लाल पट्ट्या काळ्या पडल्या. अन् आतलं धान फुटायला लागलं. तडतड, तडतड. पांढऱ्या लाह्या उडून मातीत पडायला लागल्या.

"आई, लाह्या!"

लेक माझ्यामागं येऊन उभी होती. टोपी पुन्हा घातली होती तिनं. टाळ्या वाजवत होती. मग थांबली. पोत्याकडे पाहिलं.

"आई, माहीवाली कोनती? माहीवाली बी जाळशील?"

मी पोत्यात पाहिलं. सगळ्या एकसारख्या. तिची कोणती, पोत्यात आहे की आगीत गेली, मला सांगता येईना. आईला सांगता येईना! तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. की जुळलं, मला माहीत नाही. मी पायानंच आग विस्कटली. टाच भाजली. हापशीजवळची बादली उचलली अन् ओतली वरून.

मॅडम धावत आल्या. "काय करून राहिली तू?"

मी माचिस त्यांच्यासमोर धरली.

"तुम्ही जाळा, मॅडम. तुमच्या हातानं."

त्या मागं सरकल्या. एवढ्याशा माचिसला घाबरून एक पाऊल मागं सरकल्या. तेव्हा मला सगळं समजलं. बांबू अपवित्र आहे असं ह्यांना वाटतच नव्हतं. जाळायचं पाप लागते, हे ह्यांनाही पक्कं ठाऊक होतं. फक्त ते पाप माझ्या घरावर पडू दे, माझ्या लेकीवर पडू दे, त्यांच्यावर नको. माझा वंश बुडाला तर चालते! अरे, एवढी शिकलेली बाई, अन् हिशेब काय तर हा?

"माझ्या बापाची वस्तू आहे," मी म्हटलं. "नाही जाळत जा. काय करायचं ते करा."

पोतं डोक्यावर घेतलं, लेकीचा हात धरला अन् मंडपातून, समोसे खाणाऱ्या लोकांमधून सरळ चालत बाहेर पडली. मागच्या दारानं गेली नाही. नोकरी तिथंच संपली. कंपास आम्हाला नको होता.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, नोकरीसाठी बोलतील, नाही तर जाळल्यासाठी बोलतील. ते कितीतरी वेळ कामटीवर हात फिरवत बसले.

"शपथ कायले घेतली वं?" एवढंच म्हणाले. "तेही पोरीची?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. उरलेल्या टोपल्या आमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीची पोरं पहिलीला चालली होती, त्यांना वाटल्या. त्यांच्या निरोपाला कोणी काही देत नसते. पोरं टोपल्या डोक्यावर घालून नाचली. मला मात्र त्यांच्याकडे पाहवलं नाही. प्रत्येक टोपलीत मला धान फुटल्यासारखं ऐकू येत होतं. अजून येते. लग्नात लाह्या फोडायला बसल्या बाया, की मी उठून जाते.

पण ते काहीच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी लेकीचं डोकं धुऊन दिलं, तेल लावायला घेतलं. डोक्यावर हात ठेवला मात्र, ती ताठ झाली. हात खाली सोडून शाळेत उभं राहतात तशी उभी राहिली. म्हणाली,

"आता कोनाले सांगायचं हाय, आई?"

माय वं! मी तिथंच बसली. तेलाची वाटी सांडली. आईचा हात डोक्यावर आला म्हणजे चार लोकांपुढं काहीतरी सिद्ध करायचं आहे, असं माझं लेकरू शिकलं होतं. त्या बालवाडीत ती जे शिकली त्यातलं हे शेवटचं. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे, हुशार आहे, भांडते पण छान. तरी वेणी घालताना मान आखडते. मी बोटांनी वेणी घालते, तळवा टेकू देत नाही.

यंदा मिलवाल्यांकडे नातू झाला. पाचव्या दिवशी लेकराला नव्या सुपात निजवतात. ते सूप बुरडाच्याच घरचं लागते, प्लास्टिकचं चालत नाही. त्यांचा ड्रायव्हर गाडी घेऊन दारात. मी म्हटलं, सूप तयार आहे, देत नाही. मग आजींचा फोन आला. "बेटी, पुरानी बात पकडके मत बैठ. छोटा बच्चा है."

जिभेवर आलं होतं माझ्या. ठेवा नातवाच्या डोक्यावर हात अन् बोला. अगदी ओठावर आलं होतं. गिळलं मी ते. त्या बारक्या जीवाचं काय चुकलं? मी म्हटलं, "आजी, तुम्ही माझ्या घरी या. माझ्या लेकीसमोर बसा. तिला सांगा, तुझी टोपली चांगली होती, आम्ही तुझ्याशी वाईट वागलो. मग सूप फुकट न्या नातवाला."

फोन कट.

दुसरीकडून नेलं असंल त्यांनी सूप. तेही कोणत्या तरी बुरडाच्याच हातचं. बाबा म्हणाले, "एवढं धरून बसू नाही, बाई. लेकरू हाय त्याईचं."

"माझं बी लेकरूच होतं, बाबा."

दुसऱ्या दिवशी बाजारात बाबांशेजारी मी स्वतः बसली. आता दर हप्त्याला बसते. कोणी टोपली हातात घेऊन विचारलं, "बांबू कुठचा आहे वं?", तर सांगते, जंगलातला. पुन्हा विचारलं, तर टोपली काढून घेते हातातून. घ्यायचं तर घ्या, नाही तर चालायला लागा. माझ्या खरेपणाचा पुरावा मी कोणाला देणार नाही. अन् माझ्या लेकीच्या डोक्याला हात लावून तो मागायला कोणी आलं, तर त्याचा हात मी धरीन, अन् सहजासहजी सोडणार नाही.