उपरण्याखालचा सौदा

दादा गेल्याचं कळवायला मी पुण्याच्या डॉक्टरबाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी उपरण्याखाली मी काय सांगितलं, ते वडिलांनी तुम्हाला कधी सांगितलं का?" नाही म्हणाले मी. सांगितलं असतं तर ते आमचे दादा कसले...

माझे वडील मिरजगावच्या नि आसपासच्या बैलबाजारांत दलाली करायचे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली भेटायचा, बोटं दाबून भाव ठरायचा, भोवतीच्या गर्दीला पत्ता लागायचा नाही. दादांच्या उपरण्याखालचा भाव कधी फुटला नाही. जनावराची खोड मात्र ते चारचौघांत सांगत. "ह्यो पावसाळ्यात लंगडतो, आत्ताच बघून घ्या," असं म्हणून हातचं गिऱ्हाईक घालवल्याबद्दल आईनं त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

दारूच्या थेंबाला न शिवलेल्या या माणसाला लिव्हरचा कॅन्सर निघाला. कधी न कळलेली ब प्रकारची जुनी कावीळ आतल्या आत लिव्हर पोखरत होती. चोरून पीत असणार, अशी गावात कुजबुज व्हायची ती झालीच. दादांना काही सांगायचं नाही, धसका घेतील, असं भावानं डॉक्टरबाईंना आधीच बजावलं होतं. दर खेपेला रक्त काढायचं; मग एएफपी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन अशा रक्तातल्या आकड्यांवर आमचं दाराबाहेर बोलणं, आणि आत दादा भिंतीकडं बघत बसलेले. त्यांचंच रक्त आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो.

एका खेपेला त्यांनी भावाच्या हातातून रिपोर्ट घेतला नि टेबलावर ठेवला. "बाई, आजार मला ठावं हाय. पर रगतावरनं पुढचं बी कळतं म्हनत्यात. खरं हाय का?"

"अंदाज बांधता येतो, काका..." भावानं डोळे वटारले आणि त्या थांबल्या.

"पोरासमोर अडचन हुत आसंल तर बोटानं सांगा. येक बोट दाबलं की येक म्हैना." दादांनी खांद्यावरचं उपरणं काढून टेबलावर पसरलं, हात खाली घातला. मला वाटलं, बाई हसतील. त्यांनी मुकाट्यानं हात आत घातला. थोड्या वेळानं दादांनी मान हलवली. "जमलं," म्हणाले.

"किती बोटं?" भाऊ गाडीत मिरजगाव येईपर्यंत विचारत होता. "सौद्यातलं भाईर सांगत नसत्यात," एवढंच उत्तर.

त्यानंतर दादांचं भिंतीकडं बघणं संपलं. कुठला आकडा वाढला, कुठला घसरला, ते बाईंना स्वतः विचारायचे. रक्तातल्या अशाच खुणांचा अभ्यास बाईंच्या हॉस्पिटलात चालू होता, त्यासाठी रक्ताची जादाची छोटी बाटली आपणहून द्यायचे. "मागनं येनाऱ्याला तरी बाई नेमकं सांगतील." आणि अंगात बळ होतं तोवर बाजारात जाऊन, ज्यांनी कुजबुज केली त्यांच्याचपुढं म्हणाले, "माझ्यात खोड निगाली. तुमी आपलं रगत बघून घ्या, कावीळ लपून बसती." गावच्या दवाखान्यात रक्ततपासणीला माणसं आली, आणि पहिली बाही वर केली ती माझ्या भावानं. मला बापाचा अभिमान लहानपणापासून होता, पण त्या दिवसाइतका कधी वाटला नाही.

"मी एकही बोट दाबलं नव्हतं," डॉक्टरबाई फोनवर सांगत होत्या. "रक्तावरून पुष्कळ पेशंटांचा मिळून अंदाज येतो. एकट्या त्यांचा नेमका आकडा माझ्याकडं नव्हता. म्हणून नुसता हात धरून ठेवला. ते ओळखतील असं वाटलं..."

ओळखलंच त्यांनी. ‘ठाऊक नाही’ हेसुद्धा खरं सांगणारं माणूस त्यांना भेटलं होतं.

दादांचं उपरणं माजघरातल्या खुंटीवर असतं. परवा आईच्या शुगरचा रिपोर्ट आला. भावानं मला खुणेनं दाराबाहेर बोलावलं आणि दबक्या आवाजात सुरुवात केली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "आत या दोगं. हितं बसून बोला."

आम्ही आत गेलो. उपरणं तिनं खांद्यावर घेतलं होतं.