पलीकडे गवत

काल आमच्या तानाजीमामांच्या नव्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. काम करता करता ड्रिल तुटलं, तसा मामांनी हातातला पाना मागच्या भिंतीवर दोनदा आपटला आणि ते हात पुढे करून उभे राहिले. मग लक्षात आलं, तसा त्यांनी तो हात गुपचूप खिशात घातला.

जुन्या गल्लीत भिंतीवर पाना वाजला की शेजारचा बापू खिडकीतून हवं ते हत्यार द्यायचा. ओतकाम समोर, लेथ मामांकडे, पॉलिशवाला कोपऱ्यावर. हे कुणी आखलं नव्हतं. एकमेकांची नड भागवता भागवता ती गल्ली वाढली होती. ऑर्डरी बदलल्या, यंत्रं बदलली, तशी तीही बदलत गेली. सरकारी शहाण्यांनी ती उचलून माळावर आणली, प्रत्येकाला वेगळा प्लॉट दिला, मध्ये उंच कंपाउंड घातलं आणि फाटकावर पाटी लावली, 'क्लस्टर', म्हणजे म्हणे उद्योगांचा समूह. डोंबलाचं क्लस्टर.

"बापू कुठे असतो आता?"

"त्या टोकाला. तिकडे जाऊन येईपर्यंत बाजारातून नवीन येतं," मामा म्हणाले.

निघताना भिंतीकडे पाहिलं. एका जागचं प्लॅस्टर पान्याच्या घावांनी पार सोलून निघालंय. पलीकडे नुसतं गवत आहे.