केळीचे काका आणि सहीचा कागद

आमच्या सिस्टरबाईंनी माझ्या पदवीवर कधीच विश्वास ठेवला नाही, आणि त्या अविश्वासापायीच वसईची बरीच माणसं मुंबईच्या इस्पितळापर्यंत जिवंत पोहोचली, असं माझं ठाम मत आहे. दोन हजार सालच्या आसपास मी एका नर्सिंग होममध्ये नवा डॉक्टर होतो. अत्यवस्थ रुग्णाला मुंबईला हलवायचं झालं की अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी बाई बसत. ऑक्सिजनचं सिलिंडर मी तपासलं तरी त्या पुन्हा तपासत. "डॉक्टर, तुम्ही काटा पाहिलात. वारा पाहिलात का?" असं म्हणून नळी माझ्या गालाशी धरत. एकदा वारा आलाच नाही. पुढे महिनाभर मी चहा मागवला तरी त्या किटलीचं झाकण उघडून आत चहा आहे ना, हे बघून घेत.

नव्या नर्सना शिकवण्याची त्यांची तऱ्हा तर तालुक्यात कुठे नव्हती. सांडोरला त्यांची केळीची वाडी होती. घड उतरवलेला केळीचा खांब टेम्पोत आडवा घालायचा, वर चादर पांघरायची आणि खड्ड्याखड्ड्यांतून टेम्पो पळवत मुलींकडून खांबाला सुई टोचून घ्यायची. खांबाला सगळ्यांनी 'काका' म्हणायचं. न सांगता टोचलं की बाई खवळत, "काका शुद्धीत आहेत! आधी सांग त्यांना!" मग ती पोर बिचारी "काका, जरा दुखेल हं" म्हणायची आणि रस्त्यावरचे लोक आत डोकावून बघायचे. एकदा मलाही बसवलं. तिसऱ्या खड्ड्याला माझी सुई चादरीत घुसली. "डॉक्टर नापास," बाईंनी जाहीर केलं.

खरं भांडण आमच्या मालक डॉक्टरांशी होतं. वाटेत रुग्ण बिघडला तर कोणतं औषध किती द्यायचं, ते आधी लिहून सही करून द्या, हा बाईंचा हट्ट. नर्सने सलाईन धरून गप्प बसावं, हे मालकांचं म्हणणं.

"मला जे येत नाही त्याला मी हात लावणार नाही, तेही लिहा," बाई म्हणाल्या. "पण जे येतं ते करायला, तुम्हाला विचारण्यासाठी पुलावर फोनची रेंज शोधत बसणार नाही. नाहीतर तुम्ही चला गाडीतून. येता?"

मालक काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी केळीचा खांब आणून स्ट्रेचरवर निजवला, पट्टे आवळले आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायरीवर ठाण मांडलं. "कागद मिळेपर्यंत माझ्याबरोबर फक्त काका जातील!" तपासणीला आलेली सगळी रांग बाहेर येऊन बघू लागली, तेव्हा मालकांनी निमूट सही केली. त्याच आठवड्यात गाडी खाडीच्या पुलावर अडकली, आतल्या म्हाताऱ्याची नाडी मंदावत चालली आणि बाईंनी कागदाबरहुकूम औषध दिलं. महिन्याभराने म्हातारा स्वतःच्या पायांनी पेढे घेऊन आला.

काही वर्षांनी बाईंनाच मुंबईला हलवायची वेळ आली. उशाशी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी होती. तिने कागद माझ्यापुढे धरला, मी सही केली. सिलिंडर तिने पाहिलं होतं, तरी मी नळी उघडून गालाशी धरली. वारा होता. माझा गाल ओला झाला होता, त्यामुळे जरा जास्तच गार लागला.

बाईंनी मास्क बोटभर बाजूला केला. "डॉक्टर पास," म्हणाल्या, आणि तो स्वतःच पुन्हा नीट बसवला.

मुंबईपर्यंत त्या व्यवस्थित पोहोचल्या. परत मात्र आल्या नाहीत.