उजवा कौल

आमच्या घरात तो गुळगुळीत कागद आला तेव्हा आम्ही घाटकोपरच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. यजमान कंपनीत स्टोअरला होते. तिथल्या कोणीतरी त्यांना तो दिला होता. बोरीवलीला, पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी नवीन कॉम्प्लेक्स होणार, त्याची ती रंगीत जाहिरात. सगळं इंग्रजीत. यजमानांनी जेवण बाजूला ठेवून मला ते वाचून, अर्थ सांगून दाखवलं. क्लब हाऊस, पोहायचा तलाव, बसायला झाडाखाली बाकं, आणि मधोमध गोल्फचं मैदान. इथे राहायला या, रोज सुट्टीवर आल्यासारखं वाटेल, असं खाली लिहिलं होतं.

मी विचारलं, गोल्फ म्हणजे काय हो? तर म्हणाले, साहेब लोक खेळतात. लांब काठीने एवढासा बॉल मारायचा, मग त्याच्यामागे चालत जायचं, परत मारायचा. साहेबांच्या सहीसाठी फाईल घेऊन गेले होते तेव्हा एकदाच त्यांनी ते मैदान बघितलं होतं. पण त्या हिरव्या गवताबद्दल असे बोलायचे की जसं काही लहानपण तिथेच गेलं. लहानपण गेलं गिरणीच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, नऊ माणसांत.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागतो का? दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण म्हणाली, "काय गं, आता तुझा नवरा हाफ पँट घालून बॉल मारणार, आणि तू मागनं पिशवी घेऊन पळणार ना?" मी पण हसले. पण मला ना गोल्फ पाहिजे होता, ना पोहायचा तलाव. त्या कागदावर मागच्या बाजूला घराचा नकाशा होता. त्यात यजमानांनी एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे बाथरूम आणि हा संडास. घरातल्या घरात, आपला एकट्याचा. माझं लक्ष त्या चौकोनावरच राहिलं.

त्याचं कारण सांगते. आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला चार संडास, पंचवीस बिऱ्हाडांना. त्यातल्या दोनांच्या दाराला आतून कडी नाही. मुलगी तेव्हा बारा वर्षांची, वयात येत होती. एका दाराला कोणीतरी भोक पाडलं होतं. आम्ही बायकांनी त्यात चिंध्या कोंबल्या, दुसऱ्या दिवशी त्या काढलेल्या. परत कोंबल्या, परत काढलेल्या. कोण करतं ते कळलं नाही, आणि कळत नव्हतं म्हणून सगळ्याच पुरुषांकडे संशयाने बघायचे. पोरीने पाणी प्यायचं सोडलं. शाळेतून आली की ओठ सुकलेले, पण पेल्याला हात लावायची नाही. मग लघवीला जळजळ, ताप. डॉक्टर मला ओरडले, मुलीला पाणी देत नाही का? त्यांना काय सांगणार?

म्हणजे घर पाहिजे ते माझ्या पोरीसाठी. पैशांचं सांगत बसत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. आमचा खरा प्रश्न पुढेच होता.

आम्ही कोकणातले. आमच्यात नवीन काही करायचं तर आधी गावच्या देवाला कौल लावतात. देवळात गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना पाण्यात बुडवलेल्या फुलाच्या कळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, परदेशी नोकरी, कशालाही. यजमानांच्या घरात कौल मोडून कोणी काही केलेलं नव्हतं. ते मला म्हणाले, दादाला पत्र टाक, कौल लावून घ्यायला सांग. पत्रं मीच लिहायची. मी चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर बरं होतं, आणि यजमानांना लिहायचा कंटाळा.

उत्तर आलं ते दुपारी आलं. पोरगी शाळेत, यजमान कामावर. पोस्टमनने दारात इनलँड टाकलं. मी उभ्यानेच फोडलं. मोठ्या दिरांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक आजही मला तशीच्या तशी दिसते: "देवान दोन वेळा डावो दिल्यान. जागा घेव नको."

मी फळीवरचे डबे काढले, खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला, पत्र त्याच्याखाली ठेवलं आणि डबे परत लावले. संध्याकाळी यजमानांनी चहा पिताना विचारलं, गावचं काही आलं का? मी स्टोव्हला पंप मारत होते. त्यांच्याकडे पाठ होती. म्हटलं, आलंय ना. उजवा दिलाय.

माणसाशी खोटं बोलणं वेगळं, ते मी आधीही बोलले असेन. हे देवाच्या तोंडात घातलेलं खोटं होतं. त्या दिवसापासून माझी जी भीती सुरू झाली ती दोन वर्षं गेली नाही.

ते पत्र मला जाळता येईना, फाडता येईना. देवाचं उत्तर कसं जाळणार? पोस्टमनची वेळ झाली की मी दारात. दिरांनी चुकून यजमानांना लिहिलं तर? मी दिरांना उलट पत्रच टाकलं नाही, त्यामुळे त्यांना वाटलं आम्ही बेत सोडला. गावचा कोणी मुंबईत येतोय असं कानावर आलं की मला जेवण जायचं नाही.

बिल्डिंग अर्धी उठल्यावर आम्ही तिघं बघायला गेलो. स्टेशनपासून रिक्षा, पुढे कच्चा रस्ता. मागे जंगलाचा डोंगर अंगावर आल्यासारखा. क्लब हाऊसच्या जागी नुसते खांब होते, तलावाच्या जागी खड्डा, त्यात गढूळ पाणी. पण गोल्फचं मैदान मात्र जाहिरातीसाठी आधीच केलेलं. हिरवंगार, सपाट, आणि मध्ये मध्ये काठ्या रोवून त्यांना लाल फडकी बांधलेली.

ती फडकी बघून माझे पाय जागेवरच थांबले. आमच्या गावात शिवेवर, जिथे देवाचं ठिकाण आहे तिथे अशीच काठी आणि असंच लाल फडकं असतं. तिथे चप्पल घालून जात नाहीत, पोरांना तर लांबूनच न्यायचं. मी चप्पल काढली आणि पोरीलाही काढायला लावली. यजमान इतके हसले की बिल्डरचा माणूस बघायला आला. अगं, ते खेळातलं आहे, तिथे भोक असतं, त्यात बॉल घालवायचा. त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि ते भोक दाखवलं. मी बघितलं. वीतभर खोल, काळंभोर. मला काही हसू आलं नाही. एवढी मोठी जमीन कोणाची होती, इथे आधी कोणाचा देव होता, त्याला कोणी विचारलं का, हेच डोक्यात. आमच्या देवाने दोनदा नको म्हटलं ते ह्यासाठी तर नसेल?

मग त्याच पावसाळ्यात यजमानांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. चाळीतल्या बायका औषधं सांगायच्या, कोणी उसाचा रस, कोणी मुळा. मी सगळं करत होते, पण मला माहीत होतं हे कशामुळे आलंय. त्यांचं अंग पुसताना मी मनात म्हणायचे, देवा, खोटं मी बोलले, ह्यांना कशाला? ते बरे झाले. तर मला वाटायला लागलं, आता पोरीचा नंबर. तिला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी जिन्यात.

शेवटी पुढच्या वर्षी, परीक्षा आटपल्या त्या सुमाराला, घराची चावी मिळाली. चाळीतली खोली मालकाला परत द्यायची होती. मालकाने दुसरं बिऱ्हाड ठरवूनही ठेवलं होतं. एकदा खोली सोडली की मागे फिरायला जागा नाही. यजमान खूष होते. रविवारी दुपारी जेवायला बसले आणि म्हणाले, "वास्तुशांतीच्या आधी गावाला जाऊन येऊ. देवाने उजवा दिला, त्याचा नारळ नको द्यायला?"

माझ्या हातात आमटीचा डाव होता, तो मी परत पातेल्यात ठेवला. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. म्हटलं, आता नाही सांगितलं तर देवळात, सगळ्या गावासमोर कळेल. मी उठले, डबे खाली घेतले, कागद उचलला आणि ते इनलँड त्यांच्या ताटाजवळ ठेवलं.

त्यांनी वाचलं. उष्ट्या हातानेच धरलं होतं. परत वाचलं. मला वाटलं ओरडतील, एखादी ठेवून देतील. पण ताटातला भात तसाच, हात सुकला तरी बसून होते.

"देवाच्या नावावर बोललीस," ते म्हणाले.

"हो."

"मला आधी सांगितलं असतंस तर मी घेतलं नसतं."

"म्हणून नाही सांगितलं."

मग मी त्यांना संडासाच्या दारातल्या भोकाचं सांगितलं, चिंध्यांचं सांगितलं, पोरगी पाणी का पीत नाही ते सांगितलं. ह्यातलं काही मी त्यांना कधी बोललेच नव्हते. अशा गोष्टी तेव्हा नवऱ्याशी बोलत नसत. ऐकता ऐकता त्यांची मान खाली गेली. पण कौलाचा विषय त्यांनी सोडला नाही. म्हणाले, खोली अजून आपल्याकडे आहे. गावाला जाऊ, देवाच्या पाया पडू, परत विचारू. डावा आला तर नवीन घर विकून टाकायचं आणि इथेच राहायचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तोंड होतं का मला?

गावाला दिरांनी ऐकून घेतलं आणि मग बोलले. "मुंबैत रवान देवापेक्षा शाणी झालंस?" एवढंच, पण सगळ्यांसमोर. मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात. दीर, गावचे चार मानकरी, यजमान पुढे, मी आणि पोरगी मागे खांबाला टेकून.

गुरव म्हातारे होते. त्यांनी कळ्या भिजत घातल्या आणि विचारलं, देवाला विचारायचं काय? दीर सांगायला लागले, बोरीवलीची जागा, बिल्डिंग, क्लब. गुरवांनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घर कोणासाठी ता आधी सांगा."

बायकांनी तिथे बोलायची पद्धत नव्हती. तरी म्हटलं, "पोरीसाठी."

मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, ही तुझी सून आज तुझ्या पायाकडे उभी आसा. तिने तुझो कौल लपवलो, ती चूक पदरात घे." सगळे म्हणाले, होय म्हाराजा. "तिच्या लेकीक त्या घरात सुखात ठेवतलंस तर उजवी दी, नाय तर डावी दी." होय म्हाराजा.

आणि मग सगळे बघत उभे. दोन्ही कळ्या चिकटलेल्या. समईच्या उजेडात मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पोरीने माझा पदर धरला होता, तिचा हात घामाने ओला. तिला सगळं कळत होतं. डावी कळी थोडी घसरली. दिरांनी श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. आणि तेव्हा, देवासमोर उभी असताना, माझ्या मनात स्पष्ट आलं की डावी पडली तरी मी पोरीला त्या चाळीत परत नेणार नाही. क्षमा मागायला आले होते आणि परत तोच गुन्हा करायला तयार होते. इतकी मी त्या दोन वर्षांत कधी घाबरले नव्हते. मी डोळे मिटले.

होय म्हाराजा, असं सगळे एकदम म्हणाले तेव्हा उघडले. उजवी पडली होती. डावी अजून तिथेच लटकत होती.

दिरांनी माझ्या हातात प्रसाद दिला, चेहरा तसाच कडक, पण दिला. यजमानांचे डोळे भरले होते. आम्ही बाहेर पडलो. मी पायरीवर बसले. पोरगी विहिरीकडे पाय धुवायला गेली. यजमान शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "डावी पडली असती तर?"

आता ह्यांच्याशी परत खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "तर मी एकटी तिला घेऊन नवीन घरी राहायला गेले असते."

त्यांनी एकदम मागे वळून देवळात बघितलं. "अगं हळू बोल," ते म्हणाले. "अजून पाच पावलंसुद्धा लांब आलो नाही आपण." आणि मला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच पाणंदीपर्यंत नेलं.