उतारावरचा टॉप गिअर

ती गाडी मला आजही आठवते. लाल रंगाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार, उसात नाक खुपसून उभी.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी आमच्या बेटावरच्या फ्लाक भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. थंडीचे दिवस, तोडणीच्या आधीचा उंच ऊस आणि सकाळचं दाट धुकं. ठाण्यात पाळी बदलत होती. कोठडी पाहून मी चहा हातात घेतला, तोच कांप दे मास्क गावातून फोन आला. गावाबाहेरच्या उतारावर अपघात झाला होता.

उताराच्या तळाशी उसात शेतकऱ्यांनी रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावर गाडी आदळली होती. आत बसलेल्या तरुणाचा जीव गेलेला होता. वेगाने गाडी चालवण्यासाठी तो सगळ्या भागात प्रसिद्ध होता. गिअरचा दांडा टॉपमध्ये होता आणि त्याचा डावा पाय क्लचवर.

"ली ती पे रूल त्रो वित, शेफ," माझा सार्जंट क्रिओलमध्ये म्हणाला. फार जोरात हाणत होता, साहेब. मलाही तेच वाटलं. अपघाताची नोंद झाली, मृतदेह तपासणीला गेला आणि गाडी ठाण्याच्या आवारात आली.

दुपारी गावातली एक म्हातारी आली. उताराला लागूनच तिचा वांग्यांचा मळा होता. बाहेरच्या खोलीतले शिपाई तिचं बोलणं ऐकून हसत होते. ती मराठी घरची, म्हणून मी तिला आत बसवलं.

"बाबा, म्या ती लोतो, ती लाल गाडी बघितली," ती हळूच म्हणाली. "धुक्यातनं खाली येत हुती. पन आवाज पेना! काय बी नाय. आत त्यो मान टाकून बसल्याला. चालवत कोन नव्हतं."

"मावशी, नीट दिसलं का?"

"माज्या हातभर लांबनं गेली. लोक म्हंत्यात भूत. भुताला लोतो कशाला पायजे?"

शिपाई हसले, मी हसलो नाही. घाबरलेला माणूस अर्थ चुकीचा लावतो, पण पाहिलेलं सहसा खरं सांगतो, असा माझा अनुभव होता.

मरण पावलेल्या तरुणाचं लग्न ठरलं होतं. त्याची वाग्दत्त वधू फिनिक्स गावात आपल्या भावाकडे राहत असे. हा भाऊ त्या तरुणाचा जिवलग मित्र होता आणि रविवारी दोघे मिळून गाडी काढत. मी गेलो तेव्हा भाऊ घरी नव्हता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण बोलणं स्पष्ट होतं.

"ते जोरात चालवायचे, पण वेड्यासारखं नाही," ती म्हणाली. "मलाही शिकवत होते. त्या उतारावर मी एकदा टॉप टाकला, तर केवढे चिडले! म्हणाले, टॉप सरळ सपाट रस्त्यावर, गाडीनं वेग धरल्यावर. उतारावर थर्ड. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं. टॉपमध्ये गाडी मोकाट सुटते."

नोकरीच्या सुरुवातीला मी खात्याच्या गाड्या चालवल्या होत्या. तिचं म्हणणं मला पटलं. या माणसाने त्या उतारावर, पुढे वळण असताना, टॉप टाकला नसता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात मी ठाण्याची मोटार त्याच उतारावर नेली. मावशीने आवाज ऐकला नव्हता, म्हणून इंजिन बंद करून, टॉप गिअर टाकून ब्रेक सोडला. गाडी गचके खात थोडी सरकली आणि अडली. मग शिपायाला स्टिअरिंगवर बसवून तिला न्यूट्रलमध्ये सोडलं. ती घरंगळली आणि काही क्षणांत धुक्यात नाहीशी झाली. आवाज फक्त उसाच्या पानांचा. सगळं ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. मळ्याच्या कडेला उभी असलेली मावशी ओरडली, "अश्शीच! अश्शीच गेली हुती!"

म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली होती आणि टॉप गिअर ती थांबल्यानंतर पडला होता. वेगाचा देखावा करायला कोणीतरी खाली उतरलं असणार, असा निष्कर्ष मी काढला.

त्या दोन माणसांच्या गाडीत त्याच्या शेजारी बसणारा हा मित्रच होता, म्हणून त्याला ठाण्यात बोलावलं. जबाब देण्याची सक्ती नाही, हे आधी सांगितलं. त्या सकाळी आपण फिनिक्समध्ये होतो, हे त्याने तीनतीनदा सांगितलं. न विचारता पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट मी नेहमी बाजूला काढून ठेवत असे. मी आवाज न चढवता म्हणालो, "गाडी आदळल्यावर कोणीतरी आत हात घालून टॉप गिअर टाकला. ज्याने टाकला, त्यानेच गाडी सोडली."

"खोटं आहे!" तो उभा राहिला. "मी खाली गेलोच नाही!"

खाली गेला नाही, म्हणजे वर होता. सार्जंटने लेखणी थांबवली. मित्र खाली बसला आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. उताराच्या माथ्यावर ते थांबले होते. लग्न मोडून आपण इंग्लंडला जाणार, असं तरुणाने तिथेच सांगितलं. बहिणीचं काय, असं म्हणत याने त्याला ढकललं. त्याचं डोकं दगडावर आपटलं आणि तो हलेना. मेला असं वाटून याने त्याला स्टिअरिंगमागे बसवलं, गिअर न्यूट्रल केला, ब्रेक सोडला, गाडीला धक्का दिला आणि उसातून पळत सुटला.

"पण टॉप मी टाकला नाही, साहेब. आईची शपथ."

सगळा गुन्हा कबूल करणारा माणूस एवढ्याच गोष्टीसाठी का खोटं बोलेल? उत्तर डॉक्टरांकडून मिळालं. दगडावर पडून तो तरुण फक्त बेशुद्ध झाला होता. गाडी आदळल्यानंतरही तो काही काळ जिवंत होता. त्याचा डावा पाय क्लचवर सापडला होता. तो धक्क्याने तिथे गेला, असं आम्ही धरून चाललो होतो.

धुक्यात एकटा, अर्धवट शुद्धीत, आपण अजून गाडी चालवतो आहोत असं त्याला वाटलं असावं. उतार संपला, सरळ रस्ता लागला असं वाटून त्याने क्लच दाबला आणि टॉप टाकला. दुसरा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

कोठडीत जाऊन मी हे त्या मित्राला सांगितलं.

"म्हणजे मी पळालो तेव्हा तो..."

"होय."

त्याच्या बहिणीला कळवायला फिनिक्सला मीच गेलो. भावाला काय शिक्षा होईल, हे तिने विचारलं नाही. "शेवटी त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं?" एवढंच विचारलं. "कोणीच नव्हतं," मी म्हणालो.

गुन्हेगार कुठे चुकला, असं लोक मला विचारतात. पुरावा मागे ठेवण्यात तो चुकला नव्हता. भीतीने त्याला जवळ जाऊन श्वास पाहू दिला नाही. त्याने उतार उतरून गाडीचं दार उघडलं असतं, तर एक जण दवाखान्यात पोहोचला असता आणि दुसरा आपल्या घरी.