रिकामा गेलेला डबा

तेरेखोलच्या धक्क्याला फेरीबोट लागली, तेव्हा माझी जडशीळ पेटी पापांनी एकट्यानं खांद्यावर घेतली. शेजारचे शाणूकाका हात लावायला पुढं आले, तर पापा म्हणाले, "रांव दे, हांव व्हरतां." पलीकडे केरीला विमानतळाची गाडी उभी होती. मांय रडली नाही. चारचौघांत रडायची आमच्याकडं पद्धतच नाही. तिनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रुसाची खूण, खुरीस, काढला आणि म्हणाली, "कोणाचे उपकार घेव नको गो."

गाववाल्यांनो, तुम्ही आम्हाला ओळखताच. शेजाऱ्याचं भांडं आमच्या घरून कधी रिकामं परत गेलं नाही. शाणूकाकांकडून चतुर्थीच्या नेवऱ्या, खोबऱ्याच्या करंज्या, आल्या की त्याच ताटलीतून नाताळचा गोड दोदोल जायचा. घरात काहीच नसलं तर मांय मूठभर साखर घालायची. तिचा मला अभिमान होता, अजून आहे.

हा ताठा घेऊनच मी इंग्लंडात स्विंडनला आले. लग्न झालं, नवरा मिंगेल गोदामात शिफ्टला आणि मी हॉटेलच्या किचनला. दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात रक्त दिसलं. डॉक्टरीण म्हणाली, बाळ हवं असेल तर खाट सोडायची नाही.

मिंगेलनं चर्चमध्ये कुणाला तरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून बायका पाळीपाळीनं जेवण आणू लागल्या. केरळची लिसीआंटी स्टीलच्या डब्यातून भात आणि माशाची आमटी आणायची. मी जेवायची, पण घास गोड लागायचा नाही. रिकामा डबा टेबलावरून माझ्याकडं बघत बसायचा. शेवटी मिंगेल कामावर गेल्यावर मी उठले, खोबरं परतलं आणि नेवऱ्या तळायला उभी राहिले. कढईसमोरच पोटात कळ आली.

हॉस्पिटलात बाळाचे ठोके ऐकू आले. वाचलं होतं. लिसीआंटी खाटेशी बसली होती. मिंगेलनं तिला नेवऱ्यांचं सांगितलं होतं. ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "चर्चमध्ये मिसेला पाद्रीकडून कुमुन्यांवचा प्रसाद घेतेस ना? मग त्याबद्दल पाद्रीला नेवऱ्या देतेस का?"

मला हसू आलं. "नाही, नुसतं तोंड उघडते."

"मग इथंही तेवढंच कर."

देवाची कृपा फुकट असते हे मी लहानपणी चर्चमधल्या दोत्रीनीच्या, धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकून पाठ केलं होतं. पण फुकटचं घ्यायला केवढी हिंमत लागते, ते तेव्हा कळलं. पुढचे चार महिने मी पडून खाल्लं. इतर बायकांनी माझे केस विंचरले, कपडे धुतले, आणि डबे रिकामेच गेले. पहिला आठवडा लाजेनं जीव नकोसा झाला. मग आंटी आली की मीच विचारू लागले, आज काय आणलंस. आमची तेरेझा आता शाळेत जाते आणि माझ्याहून जास्त बोलते.

मांय गेल्यावर पापा एकटे आहेत, गुडघे धरलेत. "इकडं ये" म्हटलं तर ऐकत नाहीत. शाणूकाकांची सून जेवण देते म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मी फोनवर चिडले, रडले, आणि तेरेझा कशी वाचली ते पहिल्यांदाच सगळं सांगितलं. पापांनी तेरेझाला फोन द्यायला सांगितलं.

आता ती सून रोज दुपारी जेवण नेते. सोमवारी त्यांच्याकडं नुस्तें, मासळी नसते, तरी पापा कुरकुरत नाहीत. परवा मी मुद्दाम छेडलं, "आणि तू तिला काय दिलंस?"

"दिवपाक कितें?" पापा म्हणाले. "पोटभर जेवलों."

इथं मला कुणी विचारलं, तू कुणाच्या घरची, तर मी मान वर करून या माणसाचं नाव सांगते.